शिफ्टमध्ये डिफेक्ट, घरी डिझाइन!

तुमच्या ओळखीत हल्ली असा एक तरी नमुना असणारच. सोमवार ते शनिवार एकदम सेन्सिबल माणूस. कंपनीची बस पकडणार, एक्सेल शीट भरणार, बॉसच्या जोकवर वेळेवर हसणार. रविवारी सकाळी मात्र त्याचा फोन लागत नाही. दुपारी कधीतरी उचलतो आणि म्हणतो, ‘अरे, हात रंगात होते!’ घरी जाऊन बघावं तर हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर चार उलटे ग्लास, ग्लासांवर कॅनव्हास आणि कॅनव्हासवर निळ्या, पांढऱ्या, सोनेरी रंगांचा पूर आलेला. दारात आई उभी. तिचा एकच प्रश्न, ‘हे काय करायलास रे? अन् पुसणार कोण?’

तर दोस्तहो, या आठवड्याचा विषय हाच पूर. कुणी त्याला पोअर पेंटिंग म्हणतं, कुणी फ्लुइड आर्ट. फंडा साधा आहे. अॅक्रिलिक रंग पातळ करायचे, एका कपात एकावर एक ओतायचे, तो कप कॅनव्हासवर उपडा करायचा आणि कॅनव्हास हळूहळू चारी बाजूंना कलवायचा. ब्रश नाही, पेन्सिल नाही, ‘आधी स्केच काढ’ नाही. रंग वाहतात, एकमेकांत घुसतात, मध्येच पेशींसारखी गोल जाळी उमटते. आणि पाच मिनिटांत तुमच्यासमोर असं काहीतरी असतं, जे तुम्ही काढलेलं नाही, पण तुमच्याशिवाय झालंही नसतं.

लोकांना प्रॉब्लेम नेमका इथेच आहे. ‘यात काय कला आहे? हे तर सांडलंय!’ हे वाक्य प्रत्येक फ्लुइड आर्टिस्टने निदान एकदा तरी ऐकलंय. त्यातून तो आर्ट कॉलेजला गेलेला नसेल, तर मग विचारूच नका. बिचाऱ्याला दुहेरी मार. एक तर शिकलेला नाही, वर सांडतोय!

माझा एक मित्र याच कॅटेगरीतला. वाळूजला एका कंपनीत पेंट शॉपला आहे, क्वालिटीत. ‘नाव छापलंस तर बघ,’ अशी धमकी आधीच मिळालीय, त्यामुळे आपण त्याला नुसतं मित्र म्हणू. गेली काही वर्षं तो स्वतःच शिकून, स्वतःच बिघडवून, स्वतःच दुरुस्त करून फ्लुइड पेंटिंग करतोय. आणि त्याची खरी गंमत त्याच्या नोकरीत आहे.

पेंट शॉपमध्ये क्वालिटीवाल्याचं काम काय? रंगवलेल्या पार्टवर प्रखर ट्यूबलाइटखाली नजर फिरवायची आणि चुका शोधायच्या. रंगाचा ओघळ आला, त्याचं नाव ‘रन’. रंग जड होऊन खाली लोंबला, तो ‘सॅग’. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आला, ते ‘ऑरेंज पील’. आणि सगळ्यात बदनाम म्हणजे ‘क्रेटर’. रंगाच्या थरात पडलेला छोटा गोल खड्डा, माशाच्या डोळ्यासारखा. यातलं काहीही दिसलं की पार्ट बाजूला, घासायचा, पुन्हा रंगवायचा.

हे क्रेटर कशाने पडतात माहितीय? बऱ्याचदा सिलिकॉनमुळे. सिलिकॉनचा अगदी बारीकसा अंश जरी पृष्ठभागावर आला, तरी तिथला पृष्ठताण कमी होतो आणि रंग त्या ठिपक्यापासून लांब पळतो. म्हणून गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये कडक नियम असतात. अमुक डिओ मारून यायचं नाही, तमुक क्रीम लावायचं नाही. एखाद्याच्या केसांतल्या सिरममुळे लाइनवरचे पार्ट रिजेक्ट होऊ शकतात, इतकं ते डेंजर प्रकरण!

आणि हाच माणूस रविवारी घरी काय करतो? रंगाच्या कपात मुद्दाम सिलिकॉन ऑइलचे दोन थेंब टाकतो. कारण फ्लुइड आर्टमध्ये ज्या गोल गोल ‘सेल्स’वर सगळे फिदा असतात, त्या म्हणजे दुसरं तिसरं काही नसून तेच क्रेटर, वेगळ्या कपड्यांत. तेल नाही मिळालं तर काही जण चक्क हेअर सिरम वापरतात. ‘सहा दिवस ज्याच्या मागे लाठी घेऊन पळतो, त्यालाच सातव्या दिवशी घरी चहाला बोलावतो,’ असं मित्र म्हणतो. शिफ्टमध्ये डिफेक्ट, घरी डिझाइन!

हा योगायोग वाटतो ना? नाहीये. या सगळ्या प्रकाराची एक मोठी सुरुवातच गाड्यांच्या रंगातून झालेली आहे.

सन १९३६. न्यूयॉर्क. मेक्सिकोचा म्युरल पेंटर डेव्हिड आल्फारो सिकेरोस तिथे एक प्रयोगशाळा काढतो. हो, स्टुडिओ नाही, प्रयोगशाळा. त्याचं म्हणणं, जग मोटारींचं झालंय आणि चित्रकार मात्र अजून जुन्याच रंगांत अडकलेत. म्हणून तो ड्युको वापरायला लागतो. ड्युको म्हणजे ड्यूपाँ कंपनीचा मोटारींसाठी बनवलेला लॅकर. (आपल्याकडे सुतारमंडळी आजही ‘ड्युको फिनिश’ म्हणतात ना, ते नाव तिथलंच.) हा रंग पाट्यांवर ओतायचा, एका रंगावर दुसरा सोडायचा, वाळू मिसळायची, स्प्रे मारायचा आणि काय होतं ते बघायचं. या ओतण्याला त्याने अपघाती चित्रण असं नाव दिलं होतं. त्याच वर्षीचं त्याचं ‘कलेक्टिव्ह सुइसाइड’ हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्यात हे वाहते रंग एखाद्या उकळत्या जमिनीसारखे दिसतात.

या प्रयोगशाळेत एक चोवीस वर्षांचा मुलगाही यायचा. जॅक्सन पोलॉक. पुढे दहा-अकरा वर्षांनी त्याने कॅनव्हास जमिनीवर टाकून रंग ठिबकवायला सुरुवात केली आणि बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

आता थोडं सायन्स. घाबरू नका, बारावीएवढंसुद्धा नाहीये. २०१५ साली मेक्सिकोच्या काही संशोधकांनी सिकेरोसची ही ट्रिक लॅबमध्ये पुन्हा करून बघितली. त्यांना कळलं की सगळा खेळ वजनाचा आहे. वर जड रंग आणि खाली हलका रंग अशी स्थिती आली, की जड रंग खाली बुडायला बघतो, हलका वर यायला बघतो आणि या ढकलाढकलीत नक्षी तयार होते. पांढऱ्या रंगातली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड पाण्याच्या चौपटीहून जड असते. काळ्या रंगातलं काजळ त्या मानाने हलकं. म्हणून काळ्यावर पांढरा ओतला की धमाल, आणि पांढऱ्यावर काळा ओतला की थंड! म्हणजे ‘नुसतं सांडलंय’ म्हणणाऱ्यांना सांगा, कुठला रंग कशावर सांडायचा याला डोकं लागतं.

याच संशोधकांपैकी एकाच्या टीमने पुढे, २०१९ मध्ये, पोलॉकच्या हालचालींचाही अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष भारी आहे. दाटसर रंगाची धार सोडली की ती मधासारखी वेटोळी घेत पडते. पोलॉकचा हाताचा वेग आणि उंची मात्र अशी असायची, की ही वेटोळी टळावीत. ज्याला जग बेफाम रंग फेकणारा समजत होतं, तो प्रत्यक्षात एक नको असलेला इफेक्ट कटाक्षाने टाळत होता. क्वालिटी कंट्रोलच की हो!

पण थांबा. हे सगळं अमेरिकेतून आलं असं समजून बसलात तर आपल्या दख्खनवर अन्याय होईल. सतराव्या शतकात, विजापूरच्या आदिलशाहीत, ‘अब्री’ नावाची एक कला जोरात होती. अब्र म्हणजे फारसीत ढग. तसराळ्यात दाटसर पाणी घ्यायचं, त्यावर रंगाचे थेंब सोडायचे, काडीने किंवा फणीने हलवायचे आणि वर अलगद कागद ठेवून ती तरंगती नक्षी कागदावर उचलून घ्यायची. जुन्या फारसी कृतींमध्ये पाणी दाट करायला काय सांगितलंय? मेथीचे दाणे! भिजवलेल्या मेथीचं बुळबुळीत पाणी. आणि रंग पसरावा म्हणून तुर्कस्तानकडच्या कारागिरांनी वापरलं बैलाचं पित्त. म्हणजे आजच्या सिलिकॉनच्या बाटलीचा पणजोबाच म्हणा. दोघांचं काम एकच, पृष्ठताणाशी खेळ.

विजापूरच्या चित्रकारांनी यात एक पुढची पायरी गाठली. कागदाचा काही भाग झाकून ठेवून त्यांनी या वाहत्या रंगांतून आकृत्या काढल्या. हाडं वर आलेल्या मरतुकड्या घोड्यावर बसलेला साधू, असं साधारण १६२५ च्या आसपासचं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. घोड्याचं अंग सगळं ढगाळ नक्षीचं. अपघात आणि आकार एकाच कागदावर, चारशे वर्षांपूर्वी!

आणि कागद म्हणाल तर तो आपल्या अंगणातला विषय. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. हाताने कागद बनवणाऱ्यांचं गाव. मुहम्मद तुघलकाने राजधानी इकडे आणली, तेव्हापासून ही कला इथे आहे असं सांगतात. वेरूळला पाहुणे घेऊन जाताना आपण तिथून शंभर वेळा गेलेलो असतो. पुढच्या वेळी दहा मिनिटं गाडी थांबवा. त्या जाडसर, खरखरीत कागदावर पातळ रंग काय जादू करतो, ते बघाच.

मूळ मुद्द्यावर येऊ. शिकलेला आणि न शिकलेला.

खरं तर आपल्यापैकी कितीजण पूर्ण ‘न शिकलेले’ असतात? शाळेत एलिमेंटरी दिली नाही असा मराठी मुलगा शोधावा लागेल. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. तो ठरलेला तांब्या, ती दोन वांगी, तो दिवाळीचा बाजार. इंटरमिजिएटला ग्रेड मिळाली की आईबाबा खूश, कारण दहावीला त्याचे मार्क मिळतात. मग अकरावी सायन्स आणि रंगपेटी माळ्यावर. मित्राचंही सेम झालं. एलिमेंटरीला ‘बी’, इंटरला ‘सी’ आणि तिथेच फुलस्टॉप. ‘सरांनी मला एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती, रंग बाहेर जाऊ देऊ नको,’ तो हसत सांगतो. आता तर त्याचा सगळाच रंग बाहेर जातो. कॅनव्हासच्या कडेवरून, टेबलावरून, थेट वर्तमानपत्रावर.

पण स्वतः शिकलेल्यांची आपल्याकडे चांगली दणदणीत परंपरा आहे. कृष्णाजी हौळाजी आरा घ्या. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच मुंबईत आले, घरकाम केलं, गाड्या पुसल्या आणि वेळ मिळेल तशी चित्रं काढली. १९४२ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं आणि १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्यांचं नाव होतं. गाड्या पुसणारा माणूस, बरं का!

किंवा बाल छाबडा. हे तर अमूर्त चित्रंच करायचे. कुठल्याही आर्ट स्कूलची डिग्री नाही. आले सिनेमाच्या धंद्यातून. हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता अशा दोस्तांच्या संगतीत त्यांनी ब्रश हातात घेतला. १९५९ साली मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ‘गॅलरी ५९’ सुरू केली. शहरात मॉडर्न आर्टच्या खासगी गॅलऱ्या जवळजवळ नव्हत्याच, त्या काळात. म्हणजे स्वतः शिकला तो शिकला, वर मित्रांची चित्रं टांगायला भिंतही दिली.

या दोघांच्या गोष्टीत एक कॉमन धागा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दोघांना सर नव्हते, पण अड्डा होता. चित्रासमोर उभं राहून ‘हे जमलंय’ आणि ‘हे बकवास आहे’ असं तोंडावर सांगणारे चार लोक होते. आर्ट कॉलेजात तुम्हाला शेडिंग शिकवतात, अॅनाटॉमी शिकवतात, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट मिळते ती म्हणजे रोज कुणीतरी तुमचं काम रिजेक्ट करतं. स्वतः शिकणाऱ्याला टेक्निक कुठूनही मिळेल. हा नकार मात्र फुकटात मिळत नाही.

आणि फ्लुइड आर्टमध्ये नकाराची गरज जरा जास्तच आहे. कारण इथे वाईट चित्र करणं अवघड! रंग चांगले निवडले की प्रत्येक कॅनव्हास ओला असताना सुंदर दिसतो. चकचकीत, खोल, समुद्रासारखा. मित्र म्हणतो, ‘ओला असताना प्रत्येक पार्ट पास असतो. खरं इन्स्पेक्शन सुकल्यावर.’ रंग सुकताना खाली बसतो, चमक उतरते, बारीक रेषा एकमेकींत विरघळून जातात. रात्री जे बघून नाचावंसं वाटलं, ते सकाळी नुसतं छानसं रॅपिंग पेपर वाटू शकतं.

आपले वासुदेव गायतोंडे आठवा. १९२४ चा जन्म, नागपूरचा, घराणं गोव्याचं. ते जे.जे.मध्ये रीतसर शिकलेले, त्यामुळे आपल्या यादीत बसत नाहीत. पण रोलरने रंग लावायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून उचलायचा, अशा पद्धतीने ते रंगालाच बोलू द्यायचे. त्यांच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना आवडायचं नाही. आणि हा माणूस वर्षाला चित्रं किती करायचा? जेमतेम पाच-सहा! बाकीचा वेळ बघण्यात, थांबण्यात. २००१ मध्ये ते गेले तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं.

किंवा अकोल्याचे अंबादास. अंबादास खोब्रागडे, जन्म १९२२. तेही जे.जे.चे. ऑइल रंग इतके पातळ करायचे, की ब्रशचा फटकारा स्वतःच वाहत, वळत, फुटत जायचा. १९६३ च्या ‘ग्रुप १८९०’च्या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते, पुढे १९७२ पासून नॉर्वेत राहिले आणि २०१२ मध्ये तिकडेच गेले. विदर्भातला एक माणूस ऑस्लोत बसून आयुष्यभर एकच प्रकारचा ओघ कॅनव्हासवर उतरवत राहतो. कंटाळा नाही, फॅशन नाही. रंग वाहू देणं सोपं आहे हो, त्याच्यामागे पन्नास वर्षं चालत जाणं अवघड.

या सगळ्यांची आठवण झाली ती मित्राला आलेल्या एका फोनमुळे. मागे त्याने आपली काही चित्रं ओळखीच्यांना दाखवली. त्यातून एका इंटीरियरवाल्यापर्यंत बातमी गेली. त्याला हवी होती बारा चित्रं. एकाच साइजची, एकाच रंगातली, एका ऑफिसच्या कॉरिडॉरसाठी. आणि अट एकच, ‘सगळी सेम टु सेम पाहिजेत हं!’ पैसे चांगले होते. मित्राच्या दोन पगारांपेक्षा थोडे जास्त.

आता बघा कसली कोंडी झाली. कंपनीत हा माणूस सेम टु सेमचाच पगार घेतो. पहिला पार्ट आणि दहा हजारावा पार्ट यांत फरक दिसता कामा नये, ही त्याची रोजची नोकरी. आणि घरी रंग ओतायला लागला तो नेमका याचसाठी, की इथे एकदा झालं ते पुन्हा कधीच होत नाही. कप तोच, रंग तेच, हात तोच, तरी चित्र वेगळं. अशा ठिकाणी ‘बारा सेम’ म्हणजे दुसरी शिफ्टच झाली की! पण घराचा हप्ताही खरा, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशनही खरं. ‘कलेशी तडजोड नको’ हे वाक्य मिसळ खाता खाता बोलायला मस्त वाटतं. हप्ता कुणी भरायचा?

तो दोन दिवस झोपला नाही. मग त्याने इंटीरियरवाल्याला फोन करून सरळ सांगितलं, ‘सेम टु सेम मिळणार नाहीत. एकमेकांची भावंडं वाटतील अशी बारा देतो. चालणार असेल तर बोला.’ पलीकडे जरा शांतता. मग, ‘ठीकाय, पण निळा तोच ठेवा.’ एवढंच! मित्राने पुढच्या काही रविवारांत बावीस केली. दहा स्वतःच बाद केली आणि बारा पोचवली. बाद केलेल्यांपैकी काही तर माझ्या डोळ्यांना एकदम झकास वाटत होती. विचारलं, ‘यात काय खोट आहे?’ म्हणाला, ‘खोट नाही. पण बघायला लागलं की नजर कुठे थांबतच नाही.’

हे ऐकलं आणि मला वाटलं, चला, याचे सर याला सापडले. ट्यूबलाइटखाली पार्ट तपासता तपासता जी नजर तयार झाली, तीच. डिफेक्टची व्याख्या तेवढी बदलली.

तुम्हालाही रविवारी हात रंगवायचे असतील तर थोडक्यात ऐका. सुरुवातीला महागडं पोअरिंग मीडियम आणायची गरज नाही. पांढरा फेविकॉल आणि पाणी यांचं मिश्रण करून अनेक जण शिकतात. फार वर्षं टिकवायचं, विकायचं चित्र असेल तेव्हा मात्र चांगलं मीडियम घ्या. रंग किती पातळ हवा? जिलबीचा पाक आठवा. काडी उचलली की अखंड धार पडली पाहिजे, पाण्यासारखे थेंब नकोत. पाणी फार झालं की रंग धरून राहत नाही. टेबल सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हल बॉटलने बघा, नाहीतर रात्री झोपेपर्यंत बरोबर असलेलं चित्र सकाळपर्यंत एका बाजूला घरंगळलेलं असतं.

आपल्याकडचा उन्हाळा हा स्पेशल व्हिलन. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत वरचा थर झटकन सुकतो, खालचा ओलाच राहतो आणि चित्राला शेतातल्या जमिनीसारख्या भेगा पडतात. म्हणून पंखा बंद, खिडकी अर्धवट, वर पुठ्ठ्याचं खोकं झाकण म्हणून. एक-दोन दिवस, जाड थर असेल तर तीन दिवस हात लावायचा नाही. सिलिकॉन वापरलं असेल तर सुकल्यावर तो तेलकटपणा नीट पुसून काढा, नाहीतर वरचं वार्निश त्याच्यापासून लांब पळेल. (क्रेटर! आठवलं?) आणि उरलेला रंग बेसिनमध्ये ओतू नका. अॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच. पाइपात जाऊन बसतं. वर्तमानपत्रावर सुकू द्या आणि कचऱ्यात टाका. कपही आधी पुसा, मग धुवा. पाण्याची किंमत या शहरात कुणी कुणाला सांगायची गरज नाही.

अजून एक सिरियस गोष्ट. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक बऱ्यापैकी निर्धोक असतात, पण थिनर, स्प्रे, रेझिन असं काही वापरणार असाल तर बंद खोलीत अजिबात नको. मॉरिस लुइस नावाचा अमेरिकन चित्रकार वॉशिंग्टनच्या आपल्या घरात, बारा बाय चौदा फुटांच्या डायनिंग रूममध्ये, टर्पेंटाइनने पातळ केलेले अॅक्रिलिक कॅनव्हासवर ओतायचा. बायको कामावर गेली की सुरू, ती यायच्या आत सगळं आवरून ठेवलेलं. अप्रतिम चित्रं केली. १९६२ मध्ये, पन्नाशीच्या आत, फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला आणि त्यात त्या वाफांचा वाटा असावा असं मानलं जातं. आपला हॉलही साधारण तेवढाच असतो. तेव्हा खिडकी उघडा, मास्क लावा, उगाच हिरोगिरी नको.

आणि शेवटचं. दहा कॅनव्हास झाले की सगळे भिंतीला टेकवून ठेवा आणि आठवडाभर नुसते बघा. फोनवर नाही, समोर. मग त्यातले सात काढून टाका. हे सात काढताना पोटात दुखेल, मान्य. कारण ते वाईट नसतील. बरे असतील, गोड असतील, पाहुण्यांनी ‘वा!’ म्हटलेलं असेल. तरीही काढा. जुन्या थरावर पांढरा मारून कॅनव्हास पुन्हा वापरता येतो, त्यामुळे नुकसान फक्त इगोचं आहे. उरलेले तीन का उरले, हे एखाद्या मित्राला एका वाक्यात सांगता आलं, तर समजा तुमची इंटरमिजिएट पुन्हा एकदा झाली. या वेळी पेपरही तुम्हीच काढला आणि तपासलाही तुम्हीच. ग्रेड मात्र खरी द्या, बरं का!